जुन्या गुलाबांची कलमे करून देणारी सेवा: हात उत्तम, नाव ठेवण्याची घाई

तुकोगंज, मनोरमागंज, पलासिया इथले जुने बंगले पडतात आणि आवारातले गुलाब मलब्याबरोबर जातात. इंदूरात खंडवा रोडकडच्या एका लहान रोपवाटिकेने यावर सेवा सुरू केली आहे. माणूस घरी येऊन झाड पाहतो, काड्या नि डोळे (काडीवरचे अंकुर) नेतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला रोपे देतो. येण्याचे ४०० रुपये, जगलेल्या रोपामागे २५०. मेलेल्या रोपाचे पैसे घेत नाहीत. चार आवारांतली सात झाडे त्यांच्याकडे दिली होती, त्यावरून हे लिहीत आहोत.

डोळा भरण्यात, म्हणजे तो खुंटाच्या (मुळांसकटच्या दुसऱ्या गुलाबाच्या) सालीत बसवण्यात, यांचा हात खरोखर चांगला आहे. जानेवारीत खुंटावर जमिनीपासून वीतभराच्या आत टी-आकाराची चीर देतात. साल सुटत नसेल तर ओढाताण न करता खुंटाला पाणी देऊन दोन दिवस थांबतात. डोळ्यामागचे लाकूड नखाने अलगद काढतात, पान छाटून देठाचा सेंटीमीटरभर तुकडा ठेवतात आणि पट्टी बांधताना डोळा उघडा सोडतात. तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावायचे. टपकन गळाला तर डोळा धरला. सुकून तिथेच चिकटून राहिला तर गेला. बहुतेक डोळे धरले.

ओळख पटवणे मात्र कच्चे. गुलाबी आणि वासाचा दिसला की "एडवर्ड", लाल दिसला की "देशी", एवढ्यावर काम संपते. झाडाच्या बुडाची माती १०-१५ सेंटिमीटर उकरून कलमाची गाठ शोधायला हवी, ते कोणी केले नाही. दुर्लक्षित बागेत वरचे कलम मरून खालचा खुंटच माजलेला असतो, हे नेहमीचे. गाठीखालून फुटलेली काडी, एका पानाला ७ ते ९ पर्णिका (पानाचे सुटे भाग) आणि पानाच्या देठाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णे दिसली तर तो मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा खुंट समजावा. सातांपैकी एक झाड असेच होते आणि यांनी खुंटावर खुंटच भरून दिला!

दुसरी चूक छाटणीची. ऑक्टोबरात सगळे गुलाब सरसकट गुडघ्याएवढे छाटा, असा यांचा सल्ला. हायब्रिड टीला, म्हणजे नेहमीच्या मोठ्या फुलांच्या आधुनिक गुलाबाला, तो चालतो. दमास्क, म्हणजे उत्तरेत ज्याला चैती गुलाब म्हणतात तो, वर्षातून एकदाच आणि जुन्या लाकडावर फुलतो. ऑक्टोबरात ते लाकूड काढले की चैत्र कोरडा जातो. मग "हा फुलतच नाही, रानटी आहे" म्हणून झाड उपटले जाते. किती तरी चांगली झाडे अशी गेली असतील. त्याची छाटणी बहर संपल्यावरच करा.

पाने हातात घेतली तरी पुष्कळ कळते. दमास्कच्या ५ ते ७ पर्णिका राखी-हिरव्या, मागून लवदार. काटे लहानमोठे, असमान. चायना गुलाबाच्या ३ ते ५ पर्णिका गुळगुळीत आणि चकचकीत, कोवळी पालवी तांबूस, फुले बारमाही. या दोहोंच्या संकरातून १८१७ च्या सुमारास रियुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बर्बन बेटावर, बर्बन गुलाब पुढे आला. एडवर्ड त्याच घरातला. त्याची लक्षणे मधली असतात. पहिला हायब्रिड टी मानला जाणारा 'ला फ्रान्स' हा गुलाब १८६७ चा; त्याआधीच्या गटांना जुने गुलाब म्हणायची रीत आहे. खाली मान घातलेला, गडद लाल, सुवासिक गुलाब पाहून फार जुना समजू नका. तो १८९७ चा 'ग्रुस आन टेप्लिट्झ' असू शकतो. जपण्याजोगा तोही आहेच.

आमचा आग्रह असा की डोळ्याबरोबर छाट कलमही, म्हणजे काडीच मातीत रुजवून केलेले रोपही, मागा. स्वतःच्या मुळांवरचे झाड वरून वाळले तरी बुडातून तेच फुटते. पेन्सिलीएवढी जाड, १५-२० सेंटिमीटरची, ३-४ डोळ्यांची काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. आयबीए (मुळे फुटायला मदत करणारे संप्रेरक) पावडर लावून दोन तृतीयांश काडी पुरावी. चायना आणि बर्बन सहज रुजतात. दमास्क त्रास देतो. त्याचे बुडाचे फुटवे हिवाळ्यात मुळासकट वेगळे करणे जास्त खात्रीचे. यांनी काड्या निव्वळ काळ्या मातीत लावल्या, पाणी साचले आणि बऱ्याच काड्या खालून काळ्या पडल्या. निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट एवढेच लागते. खत रुजल्यावर, पिशवी बदलताना. अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत याच गावात बसवली; तसे मुरलेले कंपोस्ट तेव्हा घाला.

कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायला सांगा, ते स्वतःहून करत नाहीत. मुळाशी खरबरीत गाठी आणणारा जिवाणू हत्यारावरून जातो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा असतील तर त्या झाडाचा डोळा घेऊच नका, विषाणू डोळ्याबरोबर नव्या रोपात येतो.

चिठ्ठ्या मार्करने लिहिलेल्या होत्या, उन्हाळ्यात कोऱ्या झाल्या. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेन दाबून लिहा, ओरखडा राहतो. खरे नाव पटेपर्यंत जागेचेच नाव चालवा: "मनोरमागंज, पूर्व भिंत, गुलाबी". अंदाजाने दिलेले नाव पुढच्या दहा रोपांना चिकटते आणि मग निघत नाही.

मे महिन्यात बंगला पडणार असेल तर हे लोक अख्खे झाड उचलायला तयार होतात. त्या उन्हात ते क्वचितच जगते. दुसरा इलाजच नसेल तर दीड फुटावर छाटून, मातीचा गोळा गोणपाटात बांधून, पाऊस येईपर्यंत हिरव्या जाळीखाली ठेवायला लावा. वेळ हातात असेल तर डिसेंबरातच बोलवा आणि प्रत्येक झाडाची किमान तीन रोपे सांगा. एक त्यांच्याकडेच वाढू द्या, दोन वेगवेगळ्या आवारांत लावा.