अमेरिकेत ओरेगनमधल्या क्रेटर लेकला उन्हाळ्यात जायचं की हिवाळ्यात?

आधी उत्तर सांगून टाकते. पहिल्यांदाच जात असाल तर उन्हाळा, आणि सुट्टी तुमच्या हातात असेल तर त्यातही सप्टेंबर. हिवाळ्यात तेव्हाच जा जेव्हा आदल्या दिवशी हवामान बघून बेत बदलता येतो. पोर्टलंड, सिएटल, बे एरियातले बरेच मराठी लोक डिसेंबरच्या सुट्टीत हॉटेल बुक करून मोकळे होतात, आणि तिथेच खरी अडचण होते.

कारण हिवाळ्यात क्रेटर लेक निम्म्या वेळा दिसतच नाही. म्हणजे ढग तळ्यावर असे बसतात की रिमवर, म्हणजे तळ्याच्या उंच काठावर, उभं राहिलं तरी समोर नुसतं पांढरं, खाली एवढं मोठं पाणी आहे याचा पत्ताही लागत नाही. क्रेटर लेक नॅशनल पार्कच्या वेबसाइटवर रिमवरचे लाइव्ह कॅमेरे आहेत, हिवाळ्यात सकाळी ते बघितल्याशिवाय गाडी काढू नका. उन्हाळ्यात ही काळजी जवळपास नसते, पण ऑगस्टमध्ये आसपास वणवे लागले असतील तर धुराने निळा रंग फिका पडतो, त्यामुळे तेव्हाही कॅमेरा बघून निघालेलं बरं.

हे तळं लोणारसारखं उल्का पडून झालेलं नाही. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा नावाचा ज्वालामुखी एवढा फुटला की डोंगराचा माथाच आत कोसळला आणि तो खड्डा पुढे नुसत्या पावसाने आणि बर्फाने भरला. एकही नदी आत येत नाही, एकही बाहेर जात नाही, म्हणून गाळ नाही, आणि खोली ५९२ मीटर, अमेरिकेतलं सगळ्यात खोल तळं. एवढ्या स्वच्छ आणि खोल पाण्यात बाकीचे रंग शोषले जातात आणि निळा तेवढा परत येतो. हा निळा फोटोत येतो त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त गडद आहे, आणि दोन्ही ऋतूंत तितकाच खरा. इथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांसाठी ही पवित्र जागा आहे, आणि काठावर गेल्यावर आपणही आपोआप आवाज खाली करतो.

आता फिरायचं म्हणाल तर उन्हाळ्याला तोड नाही. तळ्याभोवतीचा ५३ किलोमीटरचा रिम ड्राइव्ह पूर्ण उघडायला बहुतेक वर्षी जुलै उजाडतो, पूर्वेकडचा भाग तर सगळ्यात शेवटी, म्हणून जूनमध्ये अख्खी चक्कर मारता येईल असं धरून चालू नका. वॉचमन नावाच्या शिखराचा ट्रेल (पायवाट) छोटा आहे, मुलांना घेऊन सूर्यास्ताला जाता येतं आणि तळ्यातलं विझार्ड आयलंड हे बेट बरोब्बर खाली दिसतं. गारफील्ड पीकला तीनशे मीटरची चढण आहे, आणि रिमच मुळात २,१०० मीटरच्या वर असल्यामुळे दम लवकर लागतो. भारतातून आईबाबा आले असतील तर त्यांना हा ट्रेल करायला लावू नका, रिम व्हिलेजला सपाट रस्त्यावरून तेवढंच तळं दिसतं आणि लॉजच्या मागच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथे त्यांची दुपार मस्त जाते.

एक महत्त्वाचं. पाण्यापर्यंत उतरायला क्लीटवुड कोव्ह हा एकच ट्रेल आहे, बोटीही तिथूनच सुटतात, आणि तो मोठ्या दुरुस्तीसाठी २०२६ पासून बंद ठेवून २०२९ मध्ये उघडायचं पार्कने जाहीर केलंय. त्यामुळे बोट किंवा पोहणं यासाठी उन्हाळा निवडत असाल तर आधी वेबसाइटवर तपासा.

जुलैत डास भयंकर असतात आणि दुपारी पार्किंग मिळत नाही. सप्टेंबरमध्ये डास जातात, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरते आणि रस्ते सगळे उघडे असतात, म्हणून मी सगळ्यांना तोच महिना सांगते.

हिवाळ्यात पार्क वेगळंच होतं. सरासरी तेरा मीटरच्या आसपास बर्फ पडतो इथे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात, उत्तरेचं गेट आणि रिम ड्राइव्ह गाड्यांसाठी बंद, फक्त दक्षिण आणि पश्चिमेकडून हायवे ६२ वरून रिम व्हिलेजपर्यंतचा रस्ता साफ ठेवतात, तोही वादळात बंद होतो. पोर्टलंडहून नेहमीचा उत्तरेकडचा रस्ता धरता येत नाही, वळसा पडतो. लॉज बंद, कॅम्पग्राउंड बंद, पार्कमध्ये पेट्रोल नाही, म्हणून राहायचं क्लॅमथ फॉल्स किंवा मेडफर्डला आणि टाकी तिथेच फुल करायची. टायरला लावायच्या चेन्स गाडीत हव्यातच, आणि त्या घरी एकदा लावून बघा, कारण बर्फात गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकणं फार अवघड जातं.

पण ढग नसले तर मात्र जे दिसतं ते उन्हाळ्यात कधीच दिसत नाही. सगळीकडे पांढरं, हेमलॉकची झाडं बर्फाने वाकलेली आणि मधे तो निळा, न गोठलेला. पाणी इतकं खोल आहे की उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतं, शेवटचं पूर्ण गोठलं होतं ते १९४९ मध्ये. गर्दी नसते. वीकेंडला पार्कचे रेंजर स्नोशू वॉक (बर्फात न रुतणारे रुंद तळवे बुटांना बांधून चालणं) घेतात, फुकट, अनुभव लागत नाही, पण जागा मर्यादित, आधी फोन करून नाव द्या. आणि कृपा करून कडेला जाऊ नका, तिथला बर्फ पुढे हवेत लोंबत असतो, वरून पक्की जमीन वाटते पण खाली काहीच नसतं. लहान मुलं असतील तर हात सोडू नका.

नोव्हेंबर आणि मे मात्र टाळाच. स्नोशूसाठी बर्फ पुरेसा नाही किंवा ओला झालेला, रिम ड्राइव्ह बंद, ट्रेल बर्फाखाली. मेअखेरीच्या मेमोरियल डेला नेहमीच कोणीतरी जातं कारण सुट्टी असते आणि लॉज नुकतंच उघडलेलं असतं, पण तेव्हा रिम व्हिलेजला तळं बघून परत फिरणं एवढंच हाती असतं, त्यासाठी बे एरियातून दिवसभर गाडी चालवत येऊ नका.