दोन क्रीडा मासिके, अकरा महिने : सायकल चालवणाऱ्या एका वाचक स्त्रीचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये मी दोन मासिकांची वार्षिक वर्गणी भरली. एक पूर्णपणे सायकलिंगला वाहिलेले इंग्रजी मासिक आहे आणि दुसरे सर्व खेळांचे. दोन्हींची नावे येथे देत नाही, कारण वाचनालयात आणि मैत्रिणींकडे चाळलेल्या इतर अंकांतही मला थोड्याफार फरकाने हेच आढळले. मी रत्नागिरीत राहते, माध्यमिक शाळेत शिकवते, वय पंचेचाळीस आहे. गेली चार वर्षे आठवड्यातून चार दिवस सायकलने शाळेत जाते आणि रविवारी आम्ही सहाजणी भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत किंवा आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यापर्यंत जातो. शर्यतीत उतरण्याची मला इच्छा नाही, पण सायकल नीट समजून घेऊन, शरीराला इजा न होऊ देता, पुढची वीस वर्षे चालवण्याची मात्र फार इच्छा आहे, आणि त्या दृष्टीने ही मासिके किती उपयोगी पडली एवढेच येथे सांगायचे आहे.

कागद, छपाई आणि छायाचित्रे यांबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यातले पहिले दोन अंक टपालात भिजून आले, तेव्हापासून मी मोबाइलवरची आवृत्तीही वाचू लागले.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो ऑगस्टच्या अंकातल्या सीटवरच्या लेखाचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. पावसच्या रस्त्यावर तासाभरानंतर मला सीटवर मुंग्या येऊ लागत आणि मग तो सगळा नाजूक भाग बधिर होई. सायकल घेतली त्या दुकानात हे सांगायलाच मला सहा महिने लागले, आणि सांगितल्यावर "सवय होईल" एवढेच उत्तर मिळाले. पुढे त्यांनी वरून घालायचे जेलचे जाड कव्हर दिले, त्याने त्रास उलट वाढला. असे का झाले हे त्या लेखात स्वच्छ समजावले होते. आपला भार ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर पडायला हवा. गादी फार मऊ असली की ही हाडे तिच्यात रुततात आणि दाब मधल्या मऊ भागावर येतो, त्यामुळे तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून आधी या दोन हाडांमधले अंतर मोजायचे आणि मग सीटची रुंदी ठरवायची.

मोजण्याची पद्धत इतकी साधी आहे की ती मला चार वर्षांत कोणीच कशी सांगितली नाही याचे वाईट वाटले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घरासमोरच्या जांभ्याच्या पायरीवर ठेवला, त्यावर बसून थोडी पुढे झुकले, टाचा किंचित उचलल्या आणि मिनिटभराने उठले. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. त्यांच्या मध्यांतले अंतर १३५ मिलिमीटर भरले, आणि माझी सीट होती १३० मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही हाडे सीटच्या कडेवरून बाहेर जात होती. लेखातल्या सूचनेप्रमाणे सुमारे वीस मिलिमीटर वाढवून १५५ची, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सीट मागवली. तिसऱ्या रविवारी पावसला पोहोचेपर्यंत मी सीटचा विचारही केला नव्हता.

शेजारच्या वहिनींनीही त्याच पायरीवर बसून मोजले, तर त्यांचे अंतर भरले ११२. त्यांना दुकानातून "लेडीज सीट" म्हणून पसरट गादीची सीट दिली होती आणि तिने त्यांच्या मांड्या आतून सोलवटत होत्या. "बाई, म्हणजे दोन वर्षं मी उगाचच ही गादी घासत बसले," असे म्हणून त्या बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहत राहिल्या. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते हे खरे आहे, परंतु एका स्त्रीत आणि दुसऱ्या स्त्रीत पडणारा फरक त्या सरासरीतल्या फरकाहून बराच मोठा असू शकतो. काही मोठ्या सायकल कंपन्यांनी अलीकडे स्त्रियांसाठी वेगळी फ्रेम बनवणे थांबवले त्यामागेही साधारण हाच विचार आहे. मासिकाकडून मला हवे असते ते असे, म्हणजे माझे शरीर मला मोजता येईल इतके ज्ञान, आणि हा लेख मुख्य पानांत, सर्व वाचकांसाठी छापला होता याचे मला विशेष समाधान आहे.

दुर्दैवाने तसे दरवेळी घडत नाही. माझे हात लहान आहेत. आरे-वारेच्या उतारावर ब्रेकचा लिव्हर माझ्या फक्त बोटांच्या टोकांना लागायचा, पावसात रिम ओली असताना तेवढ्या जोराने सायकल आवरत नसे, आणि वळणापलीकडून एसटी आली तर काय या धास्तीने मी ती उतरण बहुतेक वेळा चालतच उतरत असे. बऱ्याच लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो, तो दोन मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मी दोन फेरे दिले, पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत नाही याची खात्री केली, आणि त्या रविवारी पहिली दोन बोटे लिव्हरवर पूर्ण वळवून तो उतार बसून उतरले. ही माहिती मला मिळाली मार्चच्या महिला विशेषांकात, गुलाबी चौकटीत. ऑक्टोबरच्या अंकात ब्रेकवर सहा पानांचा लेख होता, त्यात याचा एक शब्दही नव्हता. हात लहान असणे हा काही स्त्रियांचाच प्रश्न नाही. वहिनींचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याचाही लिव्हर लांब पडत होता, पण ती गुलाबी चौकट त्याने कधीच वाचली नसती.

सायकलींच्या परीक्षणांबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. अकरा अंकांत जेवढ्या सायकली चालवून पाहिल्या त्या सगळ्या मध्यम किंवा मोठ्या मापाच्या होत्या आणि चालवणारे बहुधा उंच पुरुष होते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. सर्वांत लहान फ्रेमला तीच ७००सीची मोठी चाके लावली की हळू वेगात वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू शकते, आणि ज्याने मोठ्या मापाची सायकल चालवली त्याला हे कळणारच नाही. पुढे हँडलपर्यंतचे अंतर किती, हँडलची रुंदी ४२ सेंटिमीटर की ३८, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा की १६५चा, या गोष्टी लहान चणीच्या माणसाला महत्त्वाच्या असतात. चाळीस-पन्नास हजारांची सायकल आम्ही वर्षभर पैसे साठवून घेतो, तेव्हा परीक्षणात किमान एकदा लहान माप चालवून पाहावे ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता आमच्याच किनाऱ्याबद्दल. डिसेंबरच्या अंकात कोकणच्या सागरी मार्गावर मोठा लेख होता. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ या फेरीबोटी, मधले घाट आणि चढ, मुक्कामाची गावे, माशांची ताटे, सगळे मन लावून लिहिले होते आणि आपले गाव त्यात पाहून मला आनंदही झाला. पण पाच दिवसांच्या त्या प्रवासात स्वच्छतागृह कुठे आहे हे एकदाही आलेले नाही. सायकल चालवणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण प्यायलो तर थांबायचे कुठे हा प्रश्न असतो. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा एप्रिलच्या दमट उकाड्यात कोकणातल्या चढांवर पाणी तोडले की पायात गोळे येतात, डोके धरते, आणि वारंवार असे केले तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. आमच्यातल्या एकीला दोनदा त्यासाठी औषधे घ्यावी लागली. म्हणून आम्ही सहाजणींनी आपली यादी केली आहे : कोणत्या एसटी स्थानकावर आत कडी लागते, कोणत्या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, कोणत्या देवस्थानाच्या भक्तनिवासात सकाळी सहाला कोणी असते. खांद्यावरून घालायच्या बिब शॉर्ट्सची दीड पान स्तुती करतानाही, त्या उतरवायच्या तर आधी वरचा सदरा काढावा लागतो, हे कोणी लिहीत नाही. सागरी मार्गाच्या लेखातला "पहाटे चारला निघा" हा सल्लाही रस्त्यावर एकटीने निघणाऱ्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून दिलेला नाही.

आहार आणि आरोग्य या सदरांत एक लेख खरोखर उत्तम होता. टूर द फ्रान्स फाम ही शर्यत २०२२मध्ये नव्याने सुरू झाली आणि २०२५मध्ये ती पोलीन फेराँ-प्रेवो या फ्रेंच खेळाडूने जिंकली. तिने शर्यतीपूर्वी वजन उतरवले होते आणि त्यावर खेळाडूंमध्ये उघड चर्चा झाली. त्या निमित्ताने लेखिकेने, श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडले की पाळी कशी अनियमित होते आणि हाडे कशी ठिसूळ होतात, हे समजावले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्येच या अवस्थेला नाव देऊन ती केवळ स्त्रियांपुरती नसल्याचेही सांगितले आहे. मी तो लेख शाळेतल्या खेळाच्या बाईंना वाचायला दिला, कारण कबड्डीच्या मुली डबा न आणता सरावाला येतात हे आम्ही दोघीही पाहत होतो.

परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, आणि तरीही वर्षभरात प्रथिनांच्या भुकटीवर चार लेख येतात आणि लोहावर एकही येत नाही, हे मला समजत नाही. चढावर धाप लागणाऱ्या कितीतरी जणींना हिमोग्लोबिन तपासण्याचा सल्ला कोणत्याही व्यायाम-तक्त्याहून अधिक उपयोगी पडेल. रजोनिवृत्तीवरही एक ओळ नव्हती. सायकलने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात, पण हाडांवर पुरेसा भार पडत नसल्यामुळे पंचेचाळिशीनंतर वजने उचलण्याचा व्यायाम सोबत हवा, हे मला डॉक्टरांकडून कळले.

दुसऱ्या मासिकाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण लिहिण्यासारखे कमी आहे. आमच्या घरी लहानपणी संदीप पाटील यांच्या संपादनाखालचे 'एकच षटकार' यायचे आणि भावाचे वाचून झाले की मी ते वाचायचे, त्यामुळे क्रीडा मासिकाबद्दल मला जुनी आपुलकी आहे. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्यानंतरचा अंक मी जपून ठेवला आहे, इतका तो चांगला होता. पुढच्या दोन अंकांत मात्र महिला क्रिकेट पुन्हा एका पानावर आले, आणि त्या पानावरही खेळाडूच्या फलंदाजीपेक्षा तिच्या आईने काय सोसले यावर जास्त मजकूर होता. आईने सोसलेले खरेच असते, पण खेळाडूचा कव्हर ड्राइव्ह कसा सुधारला हेही मला वाचायचे असते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा करून आली. तिचा उल्लेख मार्चच्या अंकात आला, तोही "प्रेरणादायी महिला" या यादीतल्या तीन ओळींत. ती दिवसाला किती खात होती, रात्री कुठे झोपत होती, सायकल कशी दुरुस्त करत होती, यावर सहा पाने वाचायला मी आनंदाने तयार होते.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत पहिल्यांदा १८९६मध्ये झाली आणि स्त्रियांची १९८४मध्ये आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे हे अंतर भरून काढणे एका मासिकाच्या हातात नाही, हे मलाही कळते. सीट, ब्रेक, पाणी आणि लोह यांवर मुख्य पानांत लिहिणे मात्र नक्कीच आहे. असे पत्र मी सायकलिंगच्या मासिकाला जानेवारीत पाठवले. ते फेब्रुवारीत छापून आले, स्वच्छतागृहांचा परिच्छेद तेवढा वगळून.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. सायकलिंगच्या मासिकाची मी पुन्हा भरली आहे, कारण त्या एका सीटच्या लेखाने माझे वर्षाचे पैसे वसूल झाले आणि परीक्षणे सोडली तर तांत्रिक माहिती विश्वासार्ह आहे. नव्याने सायकल घेणाऱ्या बहिणींनी आधी वाचनालयात दोन-तीन अंक पाहून मगच ठरवावे, आणि ऑगस्टचा अंक मिळाला तर तो अवश्य वाचावा. दुसऱ्या मासिकाची वर्गणी मी थांबवत आहे. फेरीबोटींच्या मार्गावरची आमची यादी वगळलेल्या परिच्छेदासह या आठवड्यात पुन्हा संपादकांकडे पाठवली आहे. तवसाळच्या धक्क्यावरची नोंद अजून अपुरी आहे, तेवढी येत्या रविवारी जाऊन पाहून येऊ.