वाहिन्या मोठ्या करायच्या की पाणी जागीच मुरवायचं?

शहरात पाणी तुंबू नये यासाठी पैसा एकाच कामापुरता असेल, तर पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या रुंद करण्याचा आणि ते जमिनीत मुरवण्याचा हिशेब आधी मांडावा.

एक हेक्टर डांबर-काँक्रीटच्या वस्तीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 500 घनमीटर पाणी पडतं. त्यातलं साधारण 450 रस्त्यावरून वाहतं. तिथेच 800 चौरस मीटरवर खोलगट पाझरबागा (पाणी साठवून जमिनीत मुरवणारे झाडांचे वाफे) केल्या, वर 15 सेंटीमीटर पाणी थांबू दिलं आणि खाली 60 सेंटीमीटर भुसभुशीत माती भरली (पोकळी 25 टक्के), तर वर 120 आणि मातीत 120 घनमीटर मावतं. म्हणजे 25 मिलिमीटरची सर पूर्ण पोटात जाते, 50 ची जेमतेम निम्मी. आदल्या दिवशीच्या पावसानं माती भिजलेली असेल तर खालचे 120 धरूच नका.

वाहिनीचं गणित मोहात पाडणारं आहे. उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला की क्षमता सुमारे सहापट होते. पण फक्त वरचा तुकडा रुंद केला तर पूर खालच्या वस्तीत सरकतो. पाण्याचा वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. खरी अडचण पातमुखाशी, म्हणजे वाहिनी समुद्रात किंवा नदीत उघडते तिथे, असते. भरतीची पातळी वाहिनीच्या तोंडाच्या वर गेली की समुद्र उलटा आत शिरतो. झडप बसवली तर तो थांबतो, पण शहराचं पाणीही आतच अडकतं. मग साठवण टाकी आणि पंप लागतात. टोकियोजवळ 2006 मध्ये पूर्ण झालेली 6.3 किलोमीटरची भूमिगत व्यवस्था अशीच आहे. तिचे पंप सेकंदाला 200 घनमीटरपर्यंत पाणी नदीत टाकतात. एवढं करूनही विजेचं पॅनेल तळघरात ठेवलं तर पहिल्यांदा तेच बुडतं.

मुरवण्याचा निर्णय मातीच्या चाचणीवर घ्या. 30 सेंटीमीटर खोल खड्डा एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी ताशी किती उतरते ते मोजा. 13 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर ठीक. कमी असेल तर खाली छिद्रांचा पाइप टाकून तो वाहिनीला जोडावा लागतो. भूजल पाझरबागेच्या तळापासून किमान एक मीटर खाली हवं, इमारतीचा पाया तीन मीटर दूर हवा आणि पाणी 48 तासांत उतरायला हवं, नाहीतर डास होतात. अनेक पाझरबागा बांधकाम चालू असतानाच मरतात: जड यंत्रं माती दाबतात, सिमेंटचा चिखल छिद्रं बुजवतो. शेजारचं काम संपेपर्यंत बागेत येणाऱ्या पाण्याची वाट बंदच ठेवा. पाणी मुरवण्यासाठी सच्छिद्र फरशी (सांध्यांतून पाणी खाली झिरपू देणारी) घातली असेल तर ती वर्षातून दोनदा यंत्रानं शोषून साफ करावी. नुसता झाडू मारल्यानं धूळ सांध्यांत आणखी आत जाते.

पातमुख भरतीत बुडत असेल तर पंप आणि टाकी आधी. तिथे भूजलही बहुधा उथळ असतं. उंचावरच्या, पाझरणाऱ्या जमिनीवर मुरवणं आधी, कारण त्यानं खालच्या वाहिन्यांचा भार घटतो. जुन्या कारखान्याच्या दूषित जमिनीत पाणी मुरवू नका.

20 जुलै 2021 रोजी चीनमधल्या झेंगझोउत एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यापुढे दोन्ही उपाय तोकडेच. 2011 च्या ढगफुटीनंतर कोपनहेगननं रस्ते आणि उद्यानंच पाणी वाहून नेतील आणि साठवतील अशी आखणी केली. त्यासाठी ठरलेल्या रस्त्यांची कड उंच करावी लागते आणि कडेच्या घरांचे उंबरठे पाण्याच्या अपेक्षित पातळीच्या वर आहेत का, हे एकेक दार मोजून पाहावं लागतं.