सुईणबाई, मेलबर्न: खासगी मिडवाइफ घेऊन केलेलं दुसरं बाळंतपण

धाकटा आता पाच महिन्यांचा झालाय आणि दुपारी सलग दीड तास झोपतो, म्हणून हे लिहायला सवड मिळाली. ओळखीतल्या चार-पाच जणींनी एकच विचारलंय: खासगी मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घेतलीस; डॉक्टर नाही, हॉस्पिटल नाही, मग एवढे पैसे नक्की कशाचे मोजलेस?

थोरली २०२१मध्ये इथल्याच एका सरकारी हॉस्पिटलात झाली, ऐन लॉकडाउनच्या वर्षात. उपचारांत काही कमी पडलं नाही. पण पहिल्या तपासणीपासून घरी येईपर्यंत अकरा वेगवेगळ्या जणींनी मला तपासलं आणि अकराही जणींनी विचारलं, 'घरात कुणाला डायबेटिस?' वडिलांना आहे. अकरा वेळा सांगितलं. भर कळांमध्ये शिफ्ट बदलली. जिचा हात धरून पाच तास काढले, ती 'ऑल द बेस्ट' म्हणून घरी गेली आणि दुसरीने येऊन नाव विचारलं. मी रडले ते कळांनी नाही, त्या प्रश्नाने.

दुसऱ्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मी सातव्या आठवड्यातच खासगी मिडवाइफना फोन लावायला घेतले. पहिल्या दोघींनी नाही म्हटलं, माझ्या तारखेच्या महिन्यातल्या त्यांच्याकडच्या जागा भरल्या होत्या. या बायका महिन्याला मोजकीच बाळंतपणं घेतात, त्यामुळे तीन महिने पूर्ण झाल्यावर सगळ्यांना सांगू आणि मग शोधू, ही आपली रीत इथे चालत नाही. तिसरी भेटली. आमच्या घरापासून, म्हणजे पॉइंट कुकपासून, पंचवीस मिनिटांवर राहणारी.

आधी एक घोळ निस्तरते. डूला वेगळी आणि मिडवाइफ वेगळी. डूला धीर देते, पाठ चोळते, पण तपासणी करत नाही. मिडवाइफचं शिक्षण झालेलं असतं आणि आप्राच्या (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणारी इथली राष्ट्रीय संस्था) सार्वजनिक नोंदवहीत तिचं नाव असतं. कुणीही ते ऑनलाइन पाहू शकतं. तिथे तिच्या नावापुढे औषधं लिहून देण्याचं एंडोर्समेंट, म्हणजे अधिकृत परवानगी, आहे का, हे जरूर बघा. असं एंडोर्समेंट असलेल्या खासगी मिडवाइफच्या तपासण्यांना मेडिकेअरचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे मिळतात आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या, सोनोग्राफी ती स्वतः लिहून देऊ शकते. एंडोर्समेंट नसेल तर सगळा भार तुमच्या खिशावर. आणि तुम्ही वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर असाल, मेडिकेअर नसेल, तर पुढचा हिशोब तुम्हाला लागूच नाही.

हिशोब असा. घरी बाळंतपण धरून पॅकेज ६,२०० डॉलर. त्यात दुसऱ्या मिडवाइफची फी आली, कारण घरच्या बाळंतपणाला दोन प्रशिक्षित माणसं हजर लागतात. आधीच्या आणि नंतरच्या भेटींचे मिळून साधारण हजार-बाराशे परत आले. घरी कळा सुरू झाल्यानंतरच्या भागाचं मला काही मिळालं नाही. त्याच भागासाठी तेव्हा एका कागदावर सहीही करावी लागली: प्रत्यक्ष घरच्या प्रसूतीपुरता मिडवाइफकडे विमा नाही, हे मला माहीत आहे. तो कागद नवऱ्याने तीनदा वाचला. सही करताना माझाही हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

नवरा आकड्यांचा माणूस. त्याने कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०२४चा आढावा शोधून काढला. १७ अभ्यास, १८,५३३ बायका. एकच मिडवाइफ किंवा ओळखीची छोटी टीम शेवटपर्यंत असेल तर सिझर आणि चिमटा-व्हॅक्यूमचं प्रमाण थोडं कमी, नैसर्गिक बाळंतपण थोडं जास्त, आणि बायका अनुभवाबद्दल जास्त समाधानी. हे वाचून मी खूश झाले, तर त्याने पुढचं वाचून दाखवलं: हे अभ्यास घरच्या बाळंतपणाचे नाहीतच. म्हणजे फायदा सतत एकच माणूस असण्याचा आहे, घराचा नाही. आम्ही तरी घरच ठरवलं. कारण साधं होतं, मला शिफ्ट बदलणारं कुणी नको होतं.

आई कोल्हापूरहून सातव्या महिन्यात आली. घरी बाळंतपण म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. 'अगं, माझ्या आजीला सुईण होती, कारण दवाखाना वीस मैलांवर होता. तुझ्या दारात दवाखाना आहे आणि तू सुईण शोधतेस?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मिडवाइफ पहिल्यांदा घरी आली, बूट दाराबाहेर काढले, जमिनीवर मांडी घालून बसली आणि तासभर बोलली. त्या दिवसापासून आईसाठी ती 'सुईणबाई' झाली, आणि घरात तेच नाव पडलं.

भेटी अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत महिन्यातून एक, मग पंधरवड्याला, शेवटी आठवड्याला. रक्तदाब, पोटाला टेप लावून मोजमाप, बाळाचे ठोके. हे सगळं हॉस्पिटलातही होतंच. फरक वेळेचा. तिथे दहा-पंधरा मिनिटं, इथे एक तास, आणि मागच्या वेळचं बोलणं तिच्या लक्षात. साखरेच्या चाचणीत माझी उपाशीपोटीची साखर (इथल्या mmol/L मापात) ५.० आली, तेव्हाची मर्यादा ५.१. कागदोपत्री नॉर्मल, प्रश्नच नाही. पण तिला वडिलांचा डायबेटिस आठवत होता. तिने मला आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहायला लावलं आणि माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, ज्वारीची भाकरी म्हणजे काय, किती खातेस, भात आधी की नंतर. छापील आहारपत्रकातला होलमील टोस्ट माझ्या माथी मारला नाही. माझ्या मते तिच्या फीतले अर्धे पैसे त्या एका तासात वसूल झाले.

आता खटकलेलं. छत्तिसाव्या आठवड्यात ती आठ दिवस सुट्टीवर गेली. आधी सांगितलं होतं, बदली मिडवाइफशी दोनदा गाठही घालून दिली होती, आणि माणूस म्हटल्यावर सुट्टी हवीच. तरी ते आठ दिवस मी पाय आवळून बसल्यासारखे काढले. ज्या एका माणसासाठी पैसे मोजले ते ऐन वेळी नसलं तर, हा धोका या पद्धतीतच आहे. दुसरं म्हणजे तातडीचं नसलेल्या मेसेजला कधी कधी दीड दिवसाने उत्तर यायचं. रात्री दोनला फोन केला तर मात्र दुसऱ्या रिंगला उचलायची.

आणि बाळंतपण? घरी झालं नाही.

एकोणचाळीस आठवडे आणि चार दिवस. संध्याकाळी पाणी गेलं, कळा छान वाढत होत्या, हॉलमध्ये टब भरलेला, आई स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत. साडेदहाला पाण्याचा रंग हिरवट दिसला, बाळाने आतच शी केली होती. सुईणबाईंनी ठोके ऐकले, ते ठीक होते. पण त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत: 'ठरल्याप्रमाणे आता हॉस्पिटल.' हे आम्ही बत्तिसाव्या आठवड्यातच लिहून ठेवलं होतं. कोणत्या गोष्टी झाल्या तर निघायचं, कुठल्या हॉस्पिटलात, कोणत्या गाडीतून. हॉस्पिटलात माझं नावही आधीच नोंदवलेलं होतं. वीस मिनिटांत पोचलो.

आता जी गोष्ट मी सही करण्याआधी नीट समजून घ्यायला हवी होती, ती सांगते. आमच्या मिडवाइफला त्या हॉस्पिटलात काम करण्याचे अधिकार नव्हते. दारातून आत गेल्यावर नियमाप्रमाणे ती माझ्या नवऱ्यासारखीच, सोबतीला आलेली व्यक्ती. तपासायचं नाही, मशिनला हात लावायचा नाही. ड्यूटीवरच्या एका बाईंनी 'घरी करायला निघाला होता ना' असं जरा टोचूनच म्हटलं. सहा हजार डॉलर मोजलेली बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आहे हे बघून मला क्षणभर रागच आला.

मग तिने खुर्ची माझ्या पाठीशी ओढली. कळ आली की कमरेच्या हाडावर तळहात दाबून धरायची, मी न सांगता. डॉक्टर कळा वाढवण्यासाठी ड्रिप लावू म्हणाले, तेव्हा ती त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्या कानात म्हणाली, 'तासभर थांबलं तर काय बदलेल, हे विचार.' मी विचारलं. डॉक्टरांनी ठोक्यांचा आलेख पाहिला आणि म्हणाले, तासभर थांबू. ड्रिप लागलीच नाही. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी धाकटा झाला, लगेच रडला. दोन टाके. शिफ्ट मध्ये बदलली होती म्हणे, माझ्या लक्षातही आलं नाही.

नंतरचे सहा आठवडे हा या सगळ्यातला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग. पहिला आठवडा जवळजवळ रोज, मग विरळ, पण घरीच. सातव्या दिवशी छातीत गाठ आणि ताप. आईने शेकायला तवा तापवला होता. सुईणबाईंनी बर्फ सांगितला आणि जोरात चोळायचं नाही म्हणाल्या. दोघींमध्ये मी दुभाषी. बर्फाने दोन दिवसांत उतार पडला आणि आईने ते मान्य केलं, पण 'पोटातली उष्णता बाहेर आली म्हणून' असं स्वतःचं कारण जोडून. धुरीला मात्र साफ नकार मिळाला, बाळाजवळ धूर नको. बाळघुटीतला मधही गेला, वर्षाच्या आत मध नाही. मालीश राहिलं. डिंकाचे लाडू राहिले, त्यातले चार सुईणबाई घेऊन गेल्या. अळिवाची खीर त्यांना झेपली नाही.

शेवटच्या भेटीला आईने त्यांची खणा-नारळाने ओटी भरली. सुईणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणाली. त्यांनी ओंजळीतल्या तांदळाकडे बघून मला विचारलं, 'हे शिजवायचे का?'

पैसे मोजायच्या आधी मात्र तुमच्या भागातल्या सरकारी हॉस्पिटलात मिडवाइफरी ग्रुप प्रॅक्टिस आहे का ते विचारा. तिथेही शेवटपर्यंत ओळखीचीच मिडवाइफ असते, मेडिकेअर असेल तर फी नाही, फक्त जागा कमी आणि रांग मोठी. मला हे उशिरा कळलं. आणि खासगी घेणारच असाल तर पहिल्याच भेटीत विचारा: हॉस्पिटलात जावं लागलं तर तिथे तुम्ही माझ्या मिडवाइफ असाल, की पाहुण्या?

टार्नीटला राहणारी मैत्रीण सध्या नऊ आठवड्यांची गरोदर आहे. तिने दोन्हीकडे नाव घातलंय. अजून कुठूनच फोन आलेला नाही.