एका मालकाशी बांधलेले कॅनडाचे वर्क परमिट: पीआरच्या दृष्टीने आलेला अनुभव

नोव्हा स्कोशिया प्रांतातील एका लहान गावी मी कुक म्हणून बरेच महिने काम करत आहे. सध्या सुटीवर फोंड्याला आले असताना हॉटेल व्यवसायातील ओळखीची मुले-मुली एकच गोष्ट विचारतात, की या परमिटवरून पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क, मिळतो का. मिळू शकतो, परंतु परमिट हाती आले म्हणजे निम्मे काम झाले, असे जे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही.

सर्वांत आधी पाहायचे ते परमिट कोणत्या कामाचे आहे. कॅनडात प्रत्येक कामाला एक कोड आणि 'टीअर' नावाची पातळी असते. कुकचा कोड 63200 व पातळी 3, तर किचन हेल्परचा कोड 65201 व पातळी 5. एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या पीआर पद्धतीतील कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास, म्हणजे कॅनडात काम केलेल्यांच्या वर्गासाठी 0 ते 3 याच पातळ्यांचा अनुभव धरला जातो. माझ्यासोबत बार्देशचा एक मुलगा आहे. गोव्यात तो मोठ्या हॉटेलात करी सेक्शन सांभाळत असे, पण त्याचे परमिट हेल्परचे निघाले. तो माझ्याइतकाच राबतो, आणि त्यातला एकही तास या योजनेत जमेस धरला जाणार नाही. हे त्याला निघण्यापूर्वी कोणी सांगितले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी अडचण मुदतीची. कमी वेतनगटातील एलएमआयएवर, म्हणजे परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीवर, सप्टेंबर 2024 पासून जास्तीत जास्त एक वर्षाचेच काम मंजूर होते, आणि पीआरसाठी लागतो तोही एक वर्षाचा, म्हणजे 1,560 तासांचा अनुभव. त्यात आठवड्याचे 30 तासच मोजले जातात, त्यामुळे उन्हाळी हंगामात त्याच्या दीडपट काम केले तरी वर्ष लवकर भरत नाही. अनुभव पूर्ण होतो त्याच सुमारास परमिट संपते, आणि पुढची एलएमआयए काढायची की नाही हे सर्वस्वी मालकाच्या हाती असते. माझे मालक भले आहेत, तरीही ही टांगती तलवार सोसणे कठीण जाते. एलएमआयएचे 1,000 डॉलर शुल्क मालकानेच भरायचे असते. ते कामगाराकडून घेण्यास मनाई आहे. कोणी एजंट त्यासाठी पैसे मागू लागला, तर तिथूनच माघारी फिरावे.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे ठरते ते मालकाचे पत्र. मला पहिल्यांदा मिळालेल्या पत्रात मी मेहनती व वक्तशीर आहे एवढेच होते. ते मी बदलून घेतले. आता त्यात आठवड्याचे तास, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप, म्हणजे पूर्ण जेवण शिजवणे, मालाची मागणी नोंदवणे, नव्या मदतनिसांना शिकवणे, असे सविस्तर लिहिलेले आहे. वेतनाच्या पावत्याही मी पहिल्या आठवड्यापासून जपून ठेवल्या आहेत.

एवढे करूनही गुणांची स्पर्धा उरतेच. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले, वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी घटतात, आणि 2025 मध्ये कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासच्या सोडतींत, म्हणजे जास्त गुण असलेल्यांना अर्जासाठी बोलावण्याच्या फेऱ्यांत, 500 हून अधिक गुण लागत होते. फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी मात्र वेगळ्या सोडती निघतात आणि मार्च 2025 मधील एका सोडतीत 379 गुणही पुरले होते. गोवा विद्यापीठात फ्रेंच शिकलेल्यांनी हा मार्ग आधी तपासावा. माझ्या मते त्यांच्यासाठी तो स्वयंपाकघरापेक्षा जवळचा आहे.

विवाहितांनी आणखी एक नियम ध्यानात घ्यावा. जानेवारी 2025 पासून जोडीदाराला खुले, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करता येणारे, परमिट मिळण्यासाठी मुख्य परमिटची किमान 16 महिने मुदत शिल्लक असावी लागते. एक वर्षाच्या परमिटवर ते शक्यच नाही, म्हणून माझे यजमान फोंड्यातच आहेत.

घरचे म्हणतात, त्यापेक्षा जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे अनेक गोवेकरांना मिळू शकणारा पोर्तुगीज पासपोर्ट काढ. पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जाते, आणि ब्रेक्झिटनंतर त्यावर इंग्लंडात नव्याने जाऊन कामही करता येत नाही. पीआरमध्ये भारतीय पासपोर्ट कायम राहतो. माझ्यासाठी हेच कारण पुरेसे आहे, आणि मालकांनी नव्या एलएमआयएचा अर्ज केल्यामुळे मी परत जाणार आहे.