खाऱ्या हवेतली .१७७ : आठ महिन्यांनंतर

एप्रिलात ही एअर रायफल घेतली (.१७७ हे तिचं कॅलिबर, म्हणजे नळीचं इंचातलं माप), आता डिसेंबर. मधे एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय. आंब्याच्या दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

घर वेंगुर्ल्याला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. खिडकीचे गज एक पावसाळाआड खरवडून रंगवावे लागतात. अशा घरात पोलादाची नळी आणायची तर आधी गंजाचा विचार करायला हवा होता. मी महिनाभर कॅलिबरवरच डोकं शिणवलं.

मनात होती सेमी-ऑटोमॅटिक, पॉइंट टू टू. शेजारचे सुभेदारकाका ऐकून हसले. त्यांची उमेदीची वर्षं फौजेतल्या एसएलआर रायफलीवर गेली, ७.६२ मिलिमीटरची, चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येतं. "नळी घासून मरत नाही रे, तापून मरते," ते म्हणाले. भराभर झाडलं की जळत्या दारूचा वायू चेंबरच्या लगेच पुढचा भाग आधी खातो, तिथलं रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) गेलं की गोळ्या पसरायला लागतात. पॉइंट टू टूच्या छोट्या काडतुसाचा दाब त्या मानानं कमी आणि गोळी मऊ शिशाची, त्यामुळे तिची नळी मोठ्या काडतुसाच्या रायफलीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. पटलं सगळं. पण परवाना, काडतुसांचा हिशेब आणि झाडायला रेंज कुठून आणू? माझ्याकडे परसातली दहा मीटर जागा. मग एअर रायफलच.

इथेही .१७७ की .२२ हा घोळ होताच. आपल्याकडे .१७७ पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, त्यामुळे तो लवकर मिटला. माझा छर्रा ८ ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. खोक्यावर वेग लिहिलाय सेकंदाला २५० मीटर. खरा धरला तर जोर १६ ज्यूलच्या आसपास येतो. शिवाय दहा मीटरच्या स्पर्धा याच मापावर, म्हणजे ४.५ मिलिमीटरवर होतात. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्ण याच मापाचं (बंदूक अर्थात माझ्यासारखी नव्हे). त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. पहिल्यांदा जवळून बघितला तेव्हा मला तो छपाईतला डाग वाटला होता.

चुलतकाकांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच, "ह्येच्यान् वांदर पळतले काय रे?" नारळाचं नुकसान मलाही दिसतं. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि छर्ऱ्याने जनावर लगेच मरत नाही, जखमी होऊन कुजतं. ही बंदूक कागदावर आणि डब्यावर चालवायची.

पहिले दोन महिने मजेत गेले. दहा छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. जूनमध्ये पाऊस धरला तशी मी ती फोमच्या पेटीत नीट बंद करून ठेवली. हीच चूक. फोम ओल धरून ठेवतो. जुलैत पेटी उघडली तर नळीवर तांबूस बोटं उमटलेली, माझीच. घामाचे हात पुसायचे राहिले होते. आतूनही गंज चढला होता. छर्रे पसरून करवंटीच्या तोंडाएवढे झाले. डब्यातल्या शिशावर पांढरी भुकटी आली होती, ते छर्रे टाकून दिले. ती विषारी असते, हात साबणाने धुवावे लागतात.

सुभेदारकाकांनी दोरी आणि चिंदी आणून दिली आणि बसवून घेतलं. कोरडी चिंदी, मग तेलाची, मग परत कोरडी, नळी बिजागरीवर खाली वाकवून, चेंबरकडून तोंडाकडे. दुसरी चूक मी त्यांच्या नजरेआड केली. चाप घट्ट वाटला म्हणून, स्प्रिंग जिथे हवा दाबते त्या सिलिंडरच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं. पुढच्या झाडण्याला फाडकन आवाज, नळीच्या तोंडातून धूर. दाबल्या गेलेल्या हवेने तेल पेटतं आणि त्यात स्प्रिंग नि सील दोन्ही जाऊ शकतात. माझी वाचली.

आत्तापर्यंत साधारण तीन हजार छर्रे गेले असतील. रायफलिंगच्या कडा अजून स्पष्ट दिसतात, मऊ शिसं पोलादाचं काही बिघडवत नाही. ढिली झाली ती बिजागरी. स्प्रिंगच्या धक्क्याने तिथला स्क्रू सैल होतो, आणि नळी हलली की नेम गेला. विक्रेत्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "पाठवतो" म्हणाला. शेवटी स्क्रू सुभेदारकाकांच्या ओळखीने मिळाला, थ्रेडला बारीक सुतळी गुंडाळून बसवला, आणि दर शंभर छर्ऱ्यांनी आवळतो.

सध्या बंदूक पेटीत नाही. माडीवर, स्वयंपाकघराच्या वरच्या कोरड्या खोलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या लाकडी कपाटात उभी असते, तेलाच्या चिंदीने पुसलेली. दहा छर्रे परत नाण्याखाली येतात; बहुतेक वेळा एखादा बाहेर जातो, पण तो माझा.