स्टीम फॅमिलीज: अकाउंट प्रत्येकाचं वेगळं, लायब्ररी सगळ्यांची

आधीच सांगून टाकते, घरात दोन-तीन कॉम्प्युटर असतील, खेळणारी माणसंही तेवढीच असतील आणि अजून सगळे मिळून स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकच अकाउंट वापरत असाल तर ते बंद करा आणि प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढून स्टीम फॅमिलीजमध्ये, म्हणजे घरातल्यांनी एकमेकांचे गेम खेळायच्या सोयीत, जोडा. आमच्या घरात मी, नवरा, मोठी मुलगी आणि चौदा वर्षांचा धाकटा असे चौघं खेळतो, तीन कॉम्प्युटर आणि एक स्टीम डेक (हातात धरून खेळायचं स्टीमचं मशीन) आहे, आणि एवढ्या सगळ्यात ही सोय मला मनापासून आवडलीय. पाचपैकी चार स्टार देईन. पाचवा का नाही तेही सांगते, कारण काही नियम खरंच कडक आहेत आणि ते जोडायच्या आधी कळले पाहिजेत, नंतर कळून उपयोग नाही.

एका अकाउंटवर घर चालवायचा त्रास ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. एकाने इकडे ऑनलाइन गेम सुरू केला आणि दुसऱ्याने तिकडे काहीही लावलं की पहिला बाहेर. क्लाउड सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची इंटरनेटवरची नोंद, एकच, त्यामुळे कुणीतरी रात्री उशिरापर्यंत खेळून पुढे नेलेली सेव्ह दुसऱ्याने सकाळी पुसली असं होऊ शकतं. मुलांच्या मित्रांचे मेसेज आईबाबांना येतात, आईबाबांचं कार्ड मुलांच्या हाताशी असतं आणि पासवर्ड अख्ख्या घराला पाठ. यात सुरक्षितता नाही आणि खेळाची मजाही नाही.

आधी २०१३ ला जाहीर झालेली फॅमिली शेअरिंग नावाची सोय होती, पण तिच्यात एक मोठी गोची होती. मालकाने स्वतःच्या लायब्ररीतला, म्हणजे विकत घेतलेल्या गेम्सपैकी, कुठलाही गेम सुरू केला की त्याची अख्खी लायब्ररी बाकीच्यांना लॉक, खेळत असलेल्याला थोडा वेळ मिळायचा आणि मग एकतर विकत घे नाहीतर बंद कर. म्हणजे बाबा शेतीचा गेम खेळतायत म्हणून मुलीला त्यांच्याच लायब्ररीतला रेसिंगचा गेम खेळता येणार नाही. नवीन स्टीम फॅमिलीज मार्च २०२४ मध्ये बीटामध्ये, म्हणजे चाचणीसाठी, आलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांना खुलं झालं, आणि त्यात हीच गोष्ट सुधारली. आता लॉक लायब्ररीला नाही, प्रतीला आहे. तुमच्याकडे एखाद्या गेमची एक प्रत असेल तर एका वेळी एकजण ती खेळेल, पण त्याच वेळी दुसरा तुमच्याच लायब्ररीतला दुसरा गेम आरामात खेळू शकतो आणि तुम्ही तिसरा. प्रत्येकाच्या सेव्ह वेगळ्या, अचिव्हमेंट्स वेगळ्या. शेअर केलेला गेम ऑफलाइन मोडमध्येही चालतो, हे प्रवासात खूप कामाला येतं.

एकाच वेळी दोघांना तोच गेम खेळायचा असेल तर मात्र प्रती दोन लागतात, यातून सुटका नाही, आणि मला तरी हे बरोबरच वाटतं, गेम बनवणाऱ्यांनाही पोट आहे. पण बरेच जण इथे विनाकारण दुसरी प्रत घेतात म्हणून सांगते. गेममध्ये एकाच स्क्रीनवर मिळून खेळायचा को-ऑप असेल, जसं स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये स्प्लिट स्क्रीन आहे, तर रिमोट प्ले टुगेदर वापरा. त्यात गेम एकाच कॉम्प्युटरवर चालतो, दुसऱ्याकडे फक्त चित्र जातं आणि त्याच्या कंट्रोलरचे इशारे परत येतात, त्यामुळे एका प्रतीत काम होतं, समोरच्याकडे गेम इन्स्टॉलसुद्धा नसला तरी चालतं. इंटरनेटवरून हे कधीकधी अडखळतं पण घरातल्या घरात, विशेषतः गेम चालवणारा कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडलेला असेल तर, छान चालतं. आम्ही दोघी मायलेकी शेती अशीच करतो, ती तिच्या खोलीत आणि मी माझ्या.

सेटअप सोपा आहे. प्रत्येकाचं अकाउंट वेगळ्या ईमेलवर काढा. एकाच ईमेलवर अनेक अकाउंट निघतात पण पासवर्ड रिकव्हरीच्या वेळी गोंधळ होतो, सो वेगळंच काढा, आणि प्रत्येकावर स्टीम गार्ड (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) लावा. मग एका मोठ्या माणसाने फॅमिली तयार करायची आणि बाकीच्यांना अ‍ॅडल्ट किंवा चाइल्ड म्हणून बोलवायचं. एकूण सहा जण बसतात. एक गोष्ट नवीन लोकांना कळत नाही, ज्या अकाउंटवरून काहीच खर्च झालेला नाही ते मर्यादित असतं, त्यावरून फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही. घाबरायचं नाही, अकाउंट बिघडलेलं नाहीये, घरातल्या जुन्या अकाउंटवरून रिक्वेस्ट पाठवा.

आता तो कडक भाग. फॅमिलीमधून एखादा मोठा माणूस बाहेर पडला तर त्याला दुसऱ्या फॅमिलीत जायला किंवा नवी काढायला जुन्या फॅमिलीत आल्यापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याच्या जागेलाही एक वर्षाची अट आहे, ती संपेपर्यंत तिथे नवीन कुणी बसवता येत नाही. म्हणजे सहा जागा दिसल्या म्हणून चुलतभाऊ, मित्र, मित्राचा मित्र असं भरत सुटलात आणि उद्या घरातलंच कुणी यायचं झालं तर दार बंद. नियम स्पष्ट आहे की ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि वेगवेगळ्या देशांच्या स्टोअरवरची अकाउंट एका फॅमिलीत येत नाहीत. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाला किंवा भावाला जोडायचा विचार करत असाल तर हे आधी बघा. मला एका वर्षाचा हा नियम जरा जास्तच वाटतो. लोक अकाउंट विकतील, भाड्याने देतील म्हणून काहीतरी बंधन हवं हे मान्य, पण संसार बदलतात, माणसं घर सोडतात, नवी येतात, त्यासाठी वर्षभर शिक्षा कशाला. एक स्टार इथेच गेला.

आणि दुसरं, हे तर घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं. फॅमिलीतल्या कुणी तुमच्या प्रतीवर खेळताना चीटिंग केलं आणि बॅन झाला तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन. तुम्ही काही केलेलं नसलं तरी. गेम तुमचा, नाव तुमचं. माझं म्हणणं असं की ऑनलाइन स्पर्धेचे गेम ज्याने त्याने आपल्याच अकाउंटवर घ्यावेत, शेअरिंग ठेवावं गोष्टीचे, कोड्यांचे, शेतीचे, एकट्याने खेळायचे गेम. धाकट्याला आम्ही हे नीट समजावलं, कुठलाही 'मॉड' (गेममध्ये बदल करणारी फाइल) किंवा 'ट्रेनर' (चीटिंगचा प्रोग्राम) टाकायच्या आधी विचारायचं, आणि तो विचारतो. मुलांना कारण सांगितलं की ती ऐकतात, नुसतं नाही म्हटलं की लपवतात.

चाइल्ड अकाउंटचे कंट्रोल मला सगळ्यात जास्त आवडले. कुठले गेम दिसतील ते आपण ठरवायचं, स्टोअर, कम्युनिटी, चॅट वेगवेगळे बंद-चालू करता येतात, दिवसाला किती वेळ आणि कुठल्या तासांत खेळायचं ते ठरवता येतं, आणि किती वेळ खेळला त्याचा रिपोर्ट दिसतो. पण खरी खुबी म्हणजे मुलाला विनंती पाठवता येते. वेळ संपली, शेवटची लढाई अर्धी राहिलीय, तर तो तिथूनच जास्त वेळ मागतो आणि मला फोनवर मंजूर करता येतं. खरेदीचंही तसंच, तो कार्टमध्ये टाकून विनंती पाठवतो, पैसे आम्ही भरतो, कार्ड नंबर त्याच्यापर्यंत जातच नाही. यामुळे घरातली कटकट खरोखर कमी झाली. पासवर्ड विसरला तरी मोठ्यांना चाइल्ड अकाउंट परत मिळवून देता येतं. आणि चाइल्ड म्हणून जोडलेला सदस्य आपला आपण फॅमिली सोडून जाऊ शकत नाही.

इथे एक अट लक्षात घ्या, स्टीमच्या करारात तेरा वर्षांखालच्या मुलांना अकाउंट काढायला परवानगी नाही. खोटी जन्मतारीख टाकून काढू नका. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी निन्टेंडो किंवा मायक्रोसॉफ्टची फॅमिली व्यवस्था जास्त योग्य, तिथे लहान मुलांचं अकाउंट पालकांच्या अकाउंटखाली रीतसर निघतं. निन्टेंडोच्या फॅमिली ग्रुपमध्ये आठ जण बसतात, मायक्रोसॉफ्टच्या सहा. माइनक्राफ्टला तर कॉम्प्युटरवर प्रत्येक खेळाडूला स्वतःचं अकाउंट आणि स्वतःची खरेदी लागतेच, तेच अकाउंट दोन मशीनवरून एका सर्व्हरवर घुसवायला गेलात तर पहिला बाहेर फेकला जातो.

आता नेटवर्क, कारण अकाउंट सगळी बरोबर असली तरी घरातलं नेटवर्क नीट नसेल तर मजा जाते, आणि लोक उगाच गेमला शिव्या देतात. घरातले कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर सगळ्यात आधी बघा की कुणी गेस्ट वायफायवर तर नाही ना. गेस्ट नेटवर्कवर साधारणपणे डिव्हाइस एकमेकांपासून तोडलेले असतात, इंटरनेट चालतं पण शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर दिसत नाही. काही राउटरवर मेन वायफायलाही आयसोलेशन नावाचं सेटिंग असतं, आमच्याकडच्या राउटरवर ते चालू होतं आणि बंद केल्या केल्या सगळं दिसायला लागलं. त्यानंतर विंडोज. नवीन नेटवर्क विंडोजने पब्लिक धरलं तर तो कॉम्प्युटर नेटवर्कवर लपून बसतो, घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. फायरवॉल अख्खी बंद करू नका, स्टीमला परवानगी द्या, बास. रिमोट प्लेला यूडीपी २७०३१ ते २७०३६ आणि टीसीपी २७०३६ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची नंबर दिलेली दारं, लागतात, हाताने नियम टाकणाऱ्यांसाठी सांगतेय.

बाहेरच्या लोकांबरोबर खेळताना नॅट स्ट्रिक्ट, म्हणजे राउटर बाहेरून येणारी जोडणी अडवतोय, असं काही दिसलं तर राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे गेमला लागणारे पोर्ट आपोआप उघडायची सोय, चालू आहे का बघा. हाताने पोर्ट फॉरवर्ड करायला जाल तर एक बाहेरचा पोर्ट एकाच डिव्हाइसकडे जातो, दुसरं भावंड तोच गेम त्याच पोर्टवर चालवायला गेलं की अडतं, म्हणून दोन-तीन खेळाडूंच्या घरात यूपीएनपीच सोयीचं पडतं. आणि घरात एकामागे एक दोन राउटर असतील तर दुसऱ्याला ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, नाहीतर डबल नॅट होतं, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क बनतात, आणि वरच्या राउटरला जोडलेली मशीन खालच्या राउटरमागच्या मशीनपर्यंत पोचूच शकत नाहीत.

लोकल नेटवर्क गेम ट्रान्सफर ही २०२३ पासूनची सोय तर अनेकांना माहीतच नाही, आणि वेगवेगळी अकाउंट असलेल्या घराला तिचा केवढा फायदा! एका कॉम्प्युटरवर गेम डाउनलोड झालेला असेल तर दुसरा तो इंटरनेटवरून न घेता घरातल्याच कॉम्प्युटरवरून घेतो. गिगाबिट केबलवर सेकंदाला कागदावर १२५ मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात थोडे कमी, पण ६० जीबीचा गेम दहा-पंधरा मिनिटांत येतो, आणि डेटा लिमिट असलेल्यांचे दुसऱ्यांदा ६० जीबी वाचतात. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्समध्ये हे आहे. कुणाला फाइल पाठवायच्या ते निवडावं लागतं, फक्त स्वतःच्या अकाउंटला ठेवलं तर घरातल्या बाकीच्यांना मिळणार नाही, म्हणून सगळे एकमेकांचे फ्रेंड्स व्हा आणि फ्रेंड्सना परवानगी द्या. दोन्ही मशीनवर स्टीम चालू पाहिजे.

सगळेच गेम शेअर होत नाहीत हेही बघून घ्या. ज्यांना दुसऱ्या कंपनीचं अकाउंट, कोड (की) किंवा सबस्क्रिप्शन लागतं ते बऱ्याचदा बाहेर राहतात, काही डेव्हलपर स्वतःहून बंद ठेवतात. स्टोअरच्या पानावर बाजूच्या यादीत फॅमिली शेअरिंग लिहिलेलं असतं, घरातल्यांसाठी म्हणून गेम घेत असाल तर पैसे भरायच्या आधी ती ओळ शोधा. नसेल लिहिलेलं तर तो गेम फक्त घेणाऱ्याचाच.

आमच्या फॅमिलीत सहापैकी दोन जागा मोकळ्या आहेत आणि मित्रमंडळी विचारतात तरी आम्ही त्या भरत नाही. एक पुतण्यासाठी ठेवलीय, तो पुढच्या वर्षी शिकायला आमच्याकडे राहायला येतोय आणि तोपर्यंत तेरा पूर्ण होतील त्याला.